बरणीतला पगार

काही वर्षांपूर्वीचे ब्रिटन. महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी पगार खात्यात येतो. खातेदाराला तो दिसण्याआधीच त्याचे दोन भाग झालेले असतात. घरभाडे, कौन्सिल टॅक्स (घरपट्टी), वीज, गॅस आणि जुन्या कर्जाचा हप्ता एवढी रक्कम एका बाजूला काढून ठेवलेली असते आणि तिला हात लावता येत नाही. उरलेले पैसे कार्डावर येतात, आणि दुकानात, बसमध्ये, मुलांच्या बुटांसाठी खर्चायचे ते तेवढेच. या सांभाळणुकीसाठी खातेदार दरमहा दहा ते पंधरा पौंड मोजतो. त्याच रस्त्यावर, दोन दुकाने सोडून असलेली मोठी बँक साधे खाते फुकट देते. मात्र तिने त्याला खाते नाकारलेले असते, किंवा दिलेल्या खात्याने वर्षभरात त्याच्याकडून याहून जास्त पैसे काढून घेतलेले असतात.

ब्रिटनमध्ये २००० नंतरच्या दशकात अशी सशुल्क, दुसऱ्याने सांभाळलेली खाती उभी राहिली. मँचेस्टरची थिंकमनी हे त्यातले सर्वांत ओळखीचे नाव. या खात्यांना ‘जॅम जार अकाउंट’ असे टोपणनाव पडले. भाड्याची बरणी वेगळी, विजेची वेगळी. डाळीच्या डब्यात दूधवाल्याचे आणि मोहरीच्या डब्यात शाळेच्या फीचे पैसे ठेवणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही. फरक एवढाच, की इथे बरणीचे झाकण दुसऱ्याच्या हातात आहे आणि ते धरून ठेवण्याची त्याला मजुरी द्यावी लागते. श्रीमंत देशातल्या कष्टकऱ्यावर स्वतःचाच पगार सांभाळायला माणूस नेमण्याची वेळ का आली, हे समजून घ्यायला बरेच मागे जावे लागते.

दाराशी येऊन पैसे नेणारा माणूस ब्रिटिश कामगारवस्त्यांना नवा नव्हता. प्रुडेन्शियल या विमा कंपनीने १८५४ मध्ये कामगारांसाठी आठवड्याला काही पेनींच्या हप्त्याचा विमा सुरू केला, आणि पुढे तिचा वसुली करणारा एजंट गल्लोगल्ली ओळखीचा झाला. हा विमा मुख्यतः अंत्यविधीच्या खर्चाचा. पदरी पैसा नसताना घरात मृत्यू झाला तर सरकारी खर्चाने भिकाऱ्यासारखे दफन होणार, ही धास्ती फार खोल होती. लंडनच्या लॅम्बेथ भागातल्या कुटुंबांचे जमाखर्च फेबियन विमेन्स ग्रुपच्या स्त्रियांनी काही वर्षे टिपून ठेवले. मॉड पेंबर रीव्ह्ज यांनी त्यावर १९१३ मध्ये ‘राऊंड अबाउट अ पौंड अ वीक’ हे पुस्तक लिहिले. आठवड्याला जेमतेम एका पौंडात चालणाऱ्या त्या घरांतही मुलामागे एक पेनी, आईसाठी दोन आणि बापासाठी तीन पेनी असा दफनविम्याचा हप्ता बहुधा ठरलेला असे.

वसुलीचा खर्च त्या पेनींतूनच निघायचा. हजारो एजंट, हजारो दारे आणि दारागणिक चार-सहा पेनी, म्हणजे जमा होणाऱ्या रकमेतला मोठा वाटा वसुलीतच जिरे. ग्लॅडस्टन अर्थमंत्री असताना १८६१ मध्ये पोस्ट ऑफिस बचत बँक निघाली आणि सरकारची हमी असलेले सुरक्षित खाते गावोगाव पोहोचले. तरीही एजंट टिकून राहिला, कारण पोस्टात आपण जायचे असते आणि एजंट ठरल्या दिवशी, पगाराचे पाकीट फुटायच्या सुमारास दारात उभा राहतो. बचत जमावी म्हणून त्याची खेप लोक विकत घेत होते. सशुल्क खात्याचे मूळ इथे आहे.

बँका या वस्तीपासून लांबच राहिल्या. मजुरी मालात मोजण्याविरुद्धच्या १८३१ च्या ट्रक कायद्याने मालकाने ती चलनी नाण्यांतच द्यावी असे बंधन घातले होते. कारखान्याच्या दुकानातला महागडा माल मजुरीत मोजून देणाऱ्या मालकांना त्यामुळे आळा बसला. हातावर रोख मिळण्याचा हा हक्क सव्वाशे वर्षांनंतरही कामगारांना मोलाचा वाटत होता. कामगाराची मर्जी असेल तर पगार चेकने किंवा बँकेत देण्याची मुभा १९६० च्या कायद्याने दिली. पण मर्जी फारशी नव्हती आणि बँकांनाही घाई नव्हती. शाखा कामगाराच्या कामाच्या वेळेतच उघडी असे, आणि काउंटरपलीकडचा माणूस वकील-डॉक्टरांशी बोलायला सरावलेला होता.

ही दरी बुजवायचा एक मोठा प्रयत्न सरकारने केला. १८ ऑक्टोबर १९६८ रोजी लिव्हरपूलजवळच्या बूटल इथे नॅशनल जायरो सुरू झाली. पोस्टाच्या खिडकीतून चालणारी ही बँक संगणकावर उभी केलेली होती. शाखा नाही, मॅनेजरची मुलाखत नाही, बिल पोस्टात भरायचे आणि पैसेही तिथेच काढायचे. पुढे तिचे नाव जायरोबँक झाले. १९९० मध्ये ती अलायन्स अँड लेस्टर या संस्थेला विकली गेली, आणि सामान्य माणसासाठी उभारलेली सरकारी बँक खासगी बाजारात विरून गेली.

त्याच सुमारास लागोपाठ चार गोष्टी घडल्या. एकेकटी पाहिली तर प्रत्येक समजण्यासारखी होती. चारही एकत्र आल्या तेव्हा मात्र बँक खात्यावाचून जगणे अवघड होऊन बसले.

१९८४ च्या अखेरीस मिडलँड बँकेने जाहीर केले, की खात्यात शिल्लक असेल तर व्यवहारांना शुल्क नाही. इतर मोठ्या बँकांना तिच्या मागे जावेच लागले. ‘फुकट बँकिंग’ हा शब्द तेव्हापासून ब्रिटिश घरात रुळला.

१९८६ च्या वेजेस कायद्याने जुने ट्रक कायदे रद्द केले. रोख मजुरीचा हक्क गेला आणि नोकरीच्या अर्जात बँक खात्याचा क्रमांक विचारला जाऊ लागला.

१९९२ च्या चेक कायद्याचा हेतू चोरीला आळा घालण्याचा होता. ‘अकाउंट पेयी’ रेघांचा चेक त्यानंतर ज्याच्या नावाचा त्याच्याच खात्यात भरावा लागे. त्याआधी खाते नसलेला माणूस चेकच्या पाठीवर सही करून तो ओळखीच्या वाण्याला किंवा पबवाल्याला देई आणि रोख घेई. ही पायवाट बुजली. तिच्या जागी कमिशन कापून चेक वटवणारी दुकाने आली. त्यांच्याकडे गेलेल्या माणसाचा पगार हातात पडण्याआधीच कमी झालेला असे.

चौथी गोष्ट १९९३ ची. काळ्या पैशाविरुद्धच्या नियमांमुळे खाते उघडताना ओळख आणि पत्ता सिद्ध करणे सक्तीचे झाले. पासपोर्ट हवा, वाहन परवाना हवा, स्वतःच्या नावाचे विजेचे बिल हवे. ज्याने कधी परदेशप्रवास केला नाही, ज्याच्याकडे गाडी नाही आणि जो नाणी टाकून चालणाऱ्या मीटरवर दिवे लावतो, त्याच्याकडे यातले काहीच नसते. सुटलेला कैदी, नवऱ्याच्या मारहाणीमुळे घर सोडून आलेली बाई, वसतिगृहात राहणारा बेघर, हे सगळे या एकाच अटीशी अडले.

भूगोलाचे अभ्यासक अँड्र्यू लेशन आणि नायजेल थ्रिफ्ट यांनी १९९० च्या दशकाच्या मध्याला शाखा बंद होत चाललेल्या वस्त्यांचा अभ्यास करताना या स्थितीला ‘वित्तीय वंचितता’ असे नाव दिले. १९९९ मध्ये इलेन केम्पसन आणि क्लेअर व्हायली यांच्या अभ्यासात दिसले, की सुमारे १५ लाख घरांकडे, म्हणजे ७ टक्के घरांकडे, कोणतेही वित्तीय साधन नाही. या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. सगळ्यांनाच बँकेने हाकललेले नव्हते. पुष्कळांनी खाते आपण होऊन सोडले होते, कारण रोख पैसा मोजता येतो, डोळ्यांना दिसतो आणि संपला की संपला हे कळते. खात्यातला पैसा मात्र संपल्यावरही खर्च होत राहतो आणि त्याचा दंड महिनाभराने पत्रातून कळतो.

या दंडाची बाजू नीट पाहिल्याशिवाय सशुल्क खात्याचा हिशेब लागत नाही. शिल्लक नसताना विजेचा हप्ता कापायला आला आणि परत गेला, की एका वेळी तीस-पस्तीस पौंडांचा भुर्दंड बसे. तो भुर्दंड खात्यातूनच वळता व्हायचा, त्यामुळे पुढचा हप्ताही परत जायचा. ऑफिस ऑफ फेअर ट्रेडिंग या सरकारी यंत्रणेने २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २००६ या एका वर्षात बँकांनी अपुऱ्या शिलकीच्या शुल्कांतून सुमारे २६० कोटी पौंड मिळवले. चालू खात्यांपैकी सुमारे २३ टक्के खात्यांना वर्षात निदान एकदा तरी हा फटका बसला होता. शिल्लक राखणाऱ्यांच्या फुकट बँकिंगचा मोठा खर्च अशा रीतीने शिल्लक न राहणाऱ्यांकडून निघत होता. या शुल्कांच्या न्याय्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या मुद्द्यावर ही रक्कम तपासण्याचा अधिकार यंत्रणेला नाही, असा निकाल २५ नोव्हेंबर २००९ रोजी लागला आणि बँका जिंकल्या.

महिना पंधरा पौंड म्हणजे वर्षाला एकशेऐंशी. परत गेलेले सहा हप्ते म्हणजे पस्तीसप्रमाणे दोनशेदहा. ज्या घरात महिनाअखेरीची ओढाताण ठरलेली, त्या घराने हा हिशेब मांडला तर सशुल्क खाते त्याला स्वस्तच पडत होते. ही निवड त्याच्यापुढे यावी, यात ब्रिटिश बँकिंगने आपल्या दुबळ्या ग्राहकावर केलेला अन्याय आहे.

सरकार स्वस्थ बसले होते असे नाही. २००३ पासून पेन्शन आणि भत्ते थेट खात्यात जमा होऊ लागले आणि पोस्टात वटवायची जुनी पुस्तके बंद होत गेली. त्यासाठी बँकांनी ‘मूलभूत खाती’ द्यायचे मान्य केले. त्यांत ओव्हरड्राफ्ट नाही, चेकबुक नाही, पण पैसे येतील-जातील एवढी सोय होती. पोस्टाने स्वतःचे कार्ड खातेही काढले. चाळीस लाखांहून अधिक लोकांनी ते घेतले, पण त्यात फक्त सरकारी भत्ताच जमा होई आणि त्यातून बिलाचा हप्ता कापता येत नसे. बँकांच्या मूलभूत खात्यात ही सोय होती, मात्र हप्ता परत गेल्याचा दंडही होता. शिवाय या खात्यांतून बँकेला कमाई नसल्याने शाखेत त्यांचा गवगवा कोणी करत नसे. २०११ मध्ये आरबीएस या बँक समूहाने मूलभूत खात्याच्या ग्राहकांना इतर बँकांची एटीएम वापरणे बंद केले. गावात त्या समूहाचे यंत्र नसेल, तर पैसे काढायला बसचे तिकीट काढावे लागणार.

दिवाळखोर ठरलेल्यांची कोंडी याहून कठीण होती. १९८६ च्या दिवाळखोरी कायद्यानुसार दिवाळखोराला नंतर मिळालेल्या मालमत्तेवरही त्याच्या विश्वस्ताला हक्क सांगता येतो. खात्यातून पैसे गेले आणि विश्वस्ताने ते बँकेकडेच मागितले तर काय, या भीतीने बहुतेक बँका अशा माणसाला दारातूनच परत पाठवत. बार्कलेज आणि को-ऑपरेटिव्ह बँक हे दोन अपवाद होते. २०१२ मध्ये को-ऑपरेटिव्हनेही नवे दिवाळखोर ग्राहक घेणे थांबवले आणि मोठ्या बँकांत एकटी बार्कलेज उरली. कायद्याने माणसाला कर्जातून मोकळे करून नव्याने सुरुवात करायची संधी दिली होती. नव्या नोकरीचा पगार ठेवायला मात्र त्याला जागा मिळेना.

सशुल्क खात्यांचा धंदा या पोकळीत वाढला, आणि तो मँचेस्टरमध्ये मोठा व्हावा यालाही कारण आहे. हे शहर कर्ज-व्यवस्थापन कंपन्यांचे केंद्र होते. १९९३ मध्ये तिथे स्थापन झालेली ग्रेगरी पेनिंग्टन ही त्यातली एक मोठी कंपनी. थिंकमनी त्याच समूहातून आली. कर्जबाजारी माणसाच्या वतीने सावकारांशी बोलणे, त्याच्या घरखर्चाचा तक्ता मांडणे, दरमहा एकच रक्कम घेऊन ती दहा जणांत वाटणे, हे काम त्या कचेऱ्यांतून रोज चाले. खाते हा त्याच कामाचा पुढचा टप्पा होता. अर्ज आल्यावर फोनवरचा कर्मचारी ग्राहकाबरोबर बिलांची यादी करे. कोणत्या तारखेला काय कापले जाते, पगार कधी येतो, मध्ये किती दिवसांचे अंतर आहे, हे सगळे त्या यादीत येई. बिलांची रक्कम आधी बाजूला पडे आणि मग उरलेली कार्डाकडे जाई. पत तपासली जात नसे, कारण उधार काही द्यायचेच नव्हते. बिल वाढले की यादी बदले. सॉलिहलच्या सिक्युअर ट्रस्ट बँकेनेही चालू खात्याला साडेबारा पौंड मासिक शुल्क ठेवले होते. काही पतसंस्थांनी हेच काम कमी दरात करून पाहिले. २००५ पासून कॅशप्लससारखी आधी पैसे भरून वापरायची कार्डेही बाजारात आली होती.

ग्राहकहिताच्या बाजूने लिहिणाऱ्यांचा आक्षेप सरळ होता. ज्याच्याकडे सर्वांत कमी, त्यानेच खात्याला पैसे का मोजावेत? गरिबीचा हा अधिभार ब्रिटनमध्ये अनेकांनी मोजला आहे. ब्रिस्टल विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात कमी उत्पन्नाच्या घराला वीज, विमा, कर्ज आणि रोखीचे व्यवहार मिळून वर्षाला सरासरी ४९० पौंड जादा पडतात असे दिसले. सशुल्क खात्याचे पैसे त्याच जातीचे. दुसऱ्या बाजूने सोशल फायनान्स या संस्थेने २०११ मध्ये अहवाल काढून बरण्यांच्या खात्यांची बाजू मांडली. हप्ते परत जाणे थांबले, भाडे थकले नाही, थेट हप्त्यामुळे बिलात सवलत मिळाली, तर कुटुंबाचा फायदा शुल्काहून मोठा ठरू शकतो, आणि भाडे वेळेवर मिळाल्याने घरमालकाचाही फायदा होतो. मग शुल्काचा भार घरमालक संस्थांनी किंवा सरकारने का उचलू नये, हा त्यातला खरा प्रश्न होता.

हा प्रश्न लवकरच सरकारच्या दाराशी आला. एप्रिल २०१३ पासून युनिव्हर्सल क्रेडिट हा एकत्रित भत्ता टप्प्याटप्प्याने लागू झाला. पूर्वी आठवड्या-पंधरवड्याने मिळणारे भत्ते आता महिन्याने एकदाच मिळणार होते. सामाजिक घरांच्या, म्हणजे संस्थांनी कमी भाड्याने दिलेल्या घरांच्या, भाड्याचा भत्ता पूर्वी परस्पर घरमालक संस्थेकडे जाई, आता तो बहुतेक भाडेकरूंच्या हाती येणार होता. आधी सहा ठिकाणी प्रयोग झाला आणि भाडे थकण्याची संस्थांची भीती त्यात निराधार ठरली नाही. बरणीचे खाते हा काही वर्षे धोरणाच्या बैठकांतला चर्चेचा विषय होता. देशभर लाखो लोकांना ते सरकारी खर्चाने मिळाले नाही.

दुसऱ्याच्या हाती बरणी देण्यात धोका होताच. ऑक्टोबर २००६ मध्ये स्विंडनची फेअरपॅक कंपनी बुडाली, तेव्हा तो ढळढळीत दिसला. लाखाहून अधिक कुटुंबांनी, बहुतेक घरांतल्या बायांनी, नाताळच्या जिनसांसाठी आणि खरेदी-कूपनांसाठी वर्षभर आठवड्याला थोडे थोडे पैसे तिच्या एजंटकडे भरले होते. साधारण ३ कोटी ७० लाख पौंड अडकले. ती बँक नव्हती, म्हणून ठेवींची हमी लागू नव्हती. लोकांना आपली सुमारे निम्मी रक्कम मिळाली, तीही कित्येक वर्षांनी. जून २०२० मध्ये जर्मनीची वायरकार्ड ही पेमेंट कंपनी कोसळली आणि २६ जूनला ब्रिटिश नियामकाने तिच्या ब्रिटनमधल्या उपकंपनीचे व्यवहार गोठवले. त्या उपकंपनीवर चालणाऱ्या पॉकिटसारख्या कार्डांवर पगार आणि भत्ते घेणारी माणसे ऐन महिनाअखेरीस चार दिवस स्वतःच्या पैशाला मुकली. ३० जूनला निर्बंध उठले, पैसे सुरक्षित निघाले. पण घरात दुसरे खाते नसलेल्या माणसाने ते चार दिवस उसनवारीवरच काढायचे होते.

शुल्काची गरज कमी केली ती शेवटी करार आणि कायद्यांनी. १५ डिसेंबर २०१४ रोजी सरकार आणि नऊ मोठ्या बँकांत करार झाला. मूलभूत खात्यात हप्ता परत गेला तरी दंड नाही, आणि कोणत्याही बँकेच्या एटीएमचा वापर खुला. २०१६ सुरू होताना तो अमलात आला. फ्रान्सने खात्याचा हक्क १९८४ च्या कायद्यातच दिला होता. युरोपीय संघाच्या नियमांमुळे ब्रिटनमध्ये तो १८ सप्टेंबर २०१६ पासून कायद्याचा भाग झाला. २०१५ मध्ये दिवाळखोरी कायदा बदलून बँकांची विश्वस्ताविषयीची भीती दूर केली गेली. एप्रिल २०२० मध्ये विनापरवाना ओव्हरड्राफ्टवरचे ठोक दंड सगळ्याच खात्यांसाठी बंद झाले. मोन्झो, स्टार्लिंग अशा मोबाइल बँकांनी खात्यात वेगवेगळे कप्पे पाडण्याची सोय फुकट दिली. मूलभूत खाती सत्तर लाखांच्या वर गेली. वित्तीय नियामकाच्या पाहणीत खातेच नसलेले प्रौढ २०१७ मध्ये १३ लाख होते, २०२२ मध्ये ११ लाख.

२०२२ च्या नोव्हेंबरमध्ये पोस्टाचे कार्ड खातेही कायमचे बंद झाले. जवळपास वीस वर्षे त्यावर भत्ता घेणाऱ्या वयस्कर लोकांना बँकेकडे वळावे लागले, आणि ज्यांना ते जमले नाही त्यांच्यासाठी व्हाउचरची सोय ठेवावी लागली.

ब्रिटनमधल्या कर्जसल्ला केंद्रात आज कोणी पगाराची चिठ्ठी आणि थकबाकीची पत्रे घेऊन आला, तर सल्लागार त्याला आधी मूलभूत खाते उघडायला सांगतो. तेही ज्या बँकेचे एक पैशाचे देणे नाही अशा बँकेत, कारण त्याच बँकेचे कर्ज असेल तर ती आलेला पगार परस्पर कर्जाकडे वळती करू शकते. मग तो कागद घेऊन भाडे, कौन्सिल टॅक्स, वीज, गॅस अशी यादी मांडतो, प्रत्येकापुढे तारीख लिहितो आणि पगाराच्या तारखेशी ती जुळवतो. हे काम मोफत होते, आणि आधी वेळ ठरवून ते तास-दीड तासात आटोपते. पुढच्या महिन्यात गॅसचे बिल वाढले आणि यादी चुकली, तर ती पुन्हा मांडायला त्या माणसाला परत वेळ मागून रांगेत यावे लागते. महिना दहा पौंड भरणाऱ्याला तेवढ्यासाठी मँचेस्टरला एक फोन करावा लागत होता.